दोर धुण्याची रीत

प्रिय खारूताई,

आधी नीट बस, आणि हातात चहाचा कप असेल तर खाली ठेव. तुझी आई कडा चढली. तुम्ही चढायचात तसला भलामोठा नाही, तीन मजली घराइतका असेल, पण सरळसोट. आणि मी त्याच्या माथ्यावरच्या लोखंडी कडीला हात लावून खाली आले. आत्या साक्षीला आहे. खरं तर हे फोनवर सांगणार होते, पण रविवारच्या आपल्या फोनमध्ये जेवलीस का, बाबांचा गुडघा कसा आहे, एवढ्यातच पाच मिनिटं संपतात. आणि कडा, दोर असले शब्द आपण दोघी चार वर्षं चुकूनसुद्धा तोंडातून काढत नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. अक्षर वाकडं आलंय, कारण बोटं अजून आखडलेली आहेत.

त्याचं असं झालं. गावाबाहेरच्या टेकडीवर यंदा कडे चढणाऱ्यांचा मोठा महोत्सव भरला. तीन दिवस तंबू ठोकून राहायचं आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत चढायचं. त्यांच्या एकशेवीस स्लीपिंग बॅगा आपल्या लाँड्रीत धुवायला आल्या. जड धुणं आलं की बाबांचा चेहरा कसा होतो, तुला ठाऊक आहे. मी मात्र पदर खोचून आठ दिवस त्यांच्या मागे लागले. पोचवायला गेले तेव्हा तिथल्या संयोजक मुलीने एक बॅग नाकाला लावली आणि म्हणाली, काकू, आता तुम्हीच या हिच्यात झोपायला. ती बोलायचं म्हणून बोलली असेल, मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. बाबांनी विचारलं, चढणार कोण, तू की तुझं वजन? मग स्वतःच दुकान सांभाळायला तयार झाले. आत्याला सोबत चल म्हटलं, तर ती उशी, छत्री, गरम पाण्याची पिशवी आणि एक घडीची खुर्ची घेऊन दारात हजर.

काय सांगू तुला तिथलं! लाल, पिवळे, निळे तंबू, आणि मागे कड्यावरून सोडलेले पन्नासेक दोर. मला तर आपलं मागचं वाळवणाचं अंगणच आठवलं. जो तो पकड निसटू नये म्हणून हाताला पांढरी पूड फासून फिरत होता आणि तेच हात खुशाल काळ्या पँटला पुसत होता. माझा जीव कासावीस. दोघातिघांना मी डाग कसा काढायचा ते सांगूनही आले. पहिल्या दिवशी तंबू उभारताना आत्या आणि मी एक काठी उलटी घातली, त्यामुळे आमचा तंबू एका बाजूने बसका झाला. शेजारच्या तंबूतला दाढीवाला सुतार येऊन नीट करून देतो म्हणाला, पण आत्याने त्याला हातसुद्धा लावू दिला नाही. तीन दिवस आम्ही त्या बसक्या तंबूतच राहिलो, आणि मी इतकी गाढ झोपले की आत्या सकाळी उठून माझ्या घोरण्याची तक्रार सगळ्या रांगेला सांगत होती.

शनिवारी सकाळी दोरांची काळजी कशी घ्यायची यावर वर्ग होता. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, बारीक कापलेले केस, आवाज एकदम खणखणीत. पन्नास-साठ माणसं जमिनीवर बसलेली. बाईंनी विचारलं, कुणाच्या हातून कधी दोर खराब झालाय का? आणि मी हात वर केला. का केला ते सांगायलाच हे पत्र लिहिते आहे, पण आधी चढले ते सांगू दे, नाहीतर माझ्या पोटात राहायचं नाही.

दुपारी नवख्यांची रांग होती. कमरेला पट्टा बांधला, डोक्यावर हेल्मेट चढवलं, आणि त्याच बाईंनी खाली माझा दोर धरला. मी त्यांची गाठ तपासायची आणि त्यांनी माझी, त्याशिवाय पाय उचलायचा नाही, असा तिथला नियम. पहिली माणूसभर उंची कशी गेली कळलं नाही. मग एक जागा अशी आली की वर धरायला काही दिसेना आणि खाली उतरायला पाय धजेना. पोटऱ्या शिवणयंत्रासारख्या थडथडायला लागल्या. आत्या खालून, उतर गं बाई, उतर, करत होती. मी मनात म्हटलं, माझी पोर अशा ठिकाणी जायची, इतक्या लहान वयात, आणि घरी आली की आपण तिला विचारायचो की कपडे एवढे कसे मळले. मग एका बोटभर खाचेत चार बोटं घातली आणि अंग वर ओढलं. बाई खालून ओरडल्या की काकू, ही पकड आणली कुठून? तीस वर्षं ओल्या चादरी पिळल्यात म्हटलं, दुसरं काय. वर पोचले तेव्हा रडले, हेही सांगून टाकते. आनंदानेच रडले, पण निम्मं तुझ्यासाठी.

आणि रविवार तर माझाच होता. वर्गात सांगितलं होतं की दोर गार पाण्यात धुवायचा, साबण-सोडा काही नाही, हलक्या हाताने चोळायचा आणि सावलीत वाळवायचा. मी संयोजक मुलीला म्हटलं, दोन टब आण. बघता बघता लोक आपापले दोर घेऊन रांगेत उभे. बत्तीस दोर धुतले. आत्या खुर्चीत छत्री उघडून बसली आणि कुणाचा कुठला यावर भांडणं सोडवत राहिली. दोर हातातून सरकत होते आणि प्रत्येक दोराबरोबर तुझाच आठवत होता.

आता ते. तुझा दोर मी कापला हे तुला माहीत आहे. तुला वाटतं मी रागाने कापला, आणि तसं वाटावं असंच मी वागले. आदल्या आठवड्यात आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं, की एक तर तो दोर या घरात राहील नाहीतर मी. दोन दिवसांनी मला माझीच लाज वाटली. म्हटलं पोरीचा राग काढावा. तू कामावर गेलीस, आणि मी तुझा मळून काळा झालेला दोर काढून आपल्या मोठ्या टबात ब्लीच घालून धुतला. खारे, असा स्वच्छ निघाला होता तो! वाळवून, गुंडाळून, होता तिथे ठेवला. तू शनिवारी कड्यावर नेशील तेव्हा चकित होशील म्हणून गप्प राहिले. शुक्रवारी तुला कडे चढायला शिकवणारे तुझे सर जाकीट धुवायला घेऊन दुकानात आले. दोर ब्लीचने धुतला तर चालतो ना, असं मी सहज विचारलं, तर म्हणाले, ब्लीचने दोर आतून मरतो, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस माणसासकट तुटतो. ते गेल्यावर मी दुकान उघडं टाकून घरी धावले आणि कापडाच्या कात्रीने त्याचे हाताहाताएवढे तुकडे केले. संध्याकाळी ते बघून तू एकच वाक्य बोललीस, "आई, एवढा राग?" तेव्हा तोंड उघडायचं होतं. पण सगळं गाव जिच्याकडे डाग काढायला येतं, तिने स्वतःच्या पोरीचा दोर धुऊन नासवला, हे माझ्याने सांगवेना. मूर्ख ठरण्यापेक्षा मी दुष्ट ठरले. आठ दिवसांत तू नको नको म्हणत असलेली ती लांबची नोकरी धरलीस, आणि त्यानंतर एकदाही दोराला हात लावला नाहीस, हे मला आत्याकडून कळलं. चार वर्षं मी तुझ्या मनात माझ्याबद्दल खोटं राहू दिलं. शनिवारी साठ अनोळखी माणसांसमोर मी हे बोलले. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "खराब दोर कापूनच टाकायचा असतो. तुम्ही बरोबर केलंत, फक्त सांगायचं राहिलं." तेच आज सांगते आहे. माझं चुकलं, बाळा. ते तुकडे मी टाकले नाहीत, शिलाईच्या डब्यात आहेत. पुढच्या वर्षी याच दिवसांत महोत्सव पुन्हा आहे, आणि संयोजक मुलीला मी तीन माणसांचा तंबू सांगून ठेवलाय. खाली माझा दोर धरायला तू हवीस, माझी गाठ तूच तपासायची. नवा दोर मी घेतलेला नाही. तो तू निवड, हवा तो रंग घे. धुवायचा मात्र मीच, गार पाण्यात.

वाट बघणारी, तुझीच,
आई