विमलचं रक्त गाळताना

४ डिसेंबर, सुरत
रक्त गाळायच्या पहिल्या खेपेची खरी किंमत: माझं विसरवाडीचं गॅरेज बंद, बायकोच्या, विमलच्या मानेत जाड नळी, आणि कुणा कुठल्या माणसांनी दिलेल्या रक्तातलं पिवळं पाणी. बिल वेगळं.
तिला पाणी गिळता येत नाही, नाकातून परत येतं. संध्याकाळी आवाज गेंगाणा, पापण्या मिटतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उठलंय. त्रास देणारी द्रव्यं रक्तातल्या पिवळ्या पाण्यात असतात, ते काढायचं, दुसरं भरायचं. म्हटलं, म्हणजे ऑइल बदलणं. बाई हसल्या. हो म्हणाल्या की नाही, कळलं नाही.

६ डिसें.
मशीनजवळ बसलो. पंप एकसारखा, कुठे ठोका नाही. काढलेलं पाणी पिशवीत. नर्सला म्हटलं, जरा बोटावर द्या. गॅरेजात जळकं तेल दोन बोटांत चोळून, वास घेऊन इंजिनाचं दुखणं सांगतो मी. दिलं नाही. पिशवी उजेडात पाहिली. शेंगदाण्याच्या ताज्या तेलासारखी स्वच्छ. घाण आहे कुठे यात?
विमल बघत होती. "मी काय तुम्हना ट्रक शे का?" शब्द नाकातून, टोमणा शाबूत.

१० डिसें.
चौथी खेप. वरणभात खाल्ला, ठसका नाही. "मीठ कमी शे." आवाज खणखणीत.
इस्माईलभाईचा फोन, आपला जुना ट्रकवाला. "उस्ताद, भाभी कैसी है?" म्हटलं, इंजिन नवं. आता बिघडलंच, तर डॉक्टरच्या आधी माझ्या कानाला कळेल.

१२ डिसें.
सुट्टी मिळाली. बाई म्हणाल्या, याचा गुण काही आठवडेच. शरीर तीच द्रव्यं पुन्हा बनवतं. गोळ्या लागू पडायला वेळ लागेल, चुकवू नका.
मग आपण काढलं काय? विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, हळू. तेल बदललं आणि इंजिनच काजळी करत असेल तर...

२ जाने., विसरवाडी
गोळ्या वेळेवर चालू. सकाळपासून हिला मुद्दाम बोलतं ठेवलं. सारंगखेड्याच्या जत्रेतले घोडे, कोरीटची वहिनी, शेजारणीचं भांडण, सगळं ऐकलं.
"आज कसाले एवढं ऐकी ऱ्हायनात?"
आवाजात काही सापडलं नाही.
संध्याकाळी चहा नाकातून आला.