चार नंबरच्या टाकीचा आकडा

आदिलाबाद,
१२ डिसेंबर १९९६

प्रिय नागनाथ,

दचकू नकोस, पत्र माझंच आहे. जहाजावर वर्षभर तुझ्यावर ओरडणारा तुझा चीफ ऑफिसर आता घरी काळा चष्मा लावून खाटेवर बसलाय. अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर हसून घे; पूर्वीही ते फार सुंदर होतं अशातला भाग नाही.

परवा तुझे वडील, मारोती गुरुजी, वांकिडीहून बस बदलत मला बघायला आले. येताना पिशवीभर तुरीच्या शेंगा आणल्या. माझ्या बायकोने, पद्मजाने, दिलेला चहा थंड झाला तरी त्यांनी कप उचलला नाही. शेवटी म्हणाले, "साहेब, पोरगं जहाज सोडून वापस येतो म्हणून राह्यलं. काऊन, ते काई सांगत नाई. तुमी तं त्याच्यासंगं होते." होतो खरा. आणि काऊन, ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. पण गुरुजींसमोर माझी जीभ रेटली नाही.

तू आलास तेव्हा मला वाटलं होतं, समुद्रही न पाहिलेलं आमच्या जिल्ह्याचं हे पोर महिनाभरात पळेल. तू टिकलास, आणि कसा टिकलास! जहाजाच्या टाक्यांत तेजाब भरताना पाइपात काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून जे दिसतं त्यावरची नजर काढायची नाही, हे मी कितीतरी पोरांना शिकवलं. तू ते असं उचललंस की मीच बघत राहायचो. पंप सुरू होण्याआधी अंगावर पाणी सोडायचा शॉवर तू स्वतः उघडून बघायचास, प्रत्येक खलाशाच्या चष्म्याचा पट्टा ओढून बघायचास, आणि रबरी पोशाखात घामाने निथळत पाइपाच्या सांध्यापासून टाकीपर्यंत फेऱ्या मारायचास. पहाऱ्यावर मी तुला एकदाही बसलेलं पाहिलं नाही. जेवताना मात्र तिघांचं जेवायचास, तेही लिहून ठेवतो.

पहारा बदलताना चार्ज देण्याचा माझा नियम तुला पाठ होता. येणाऱ्याने टाकीवरचा आकडा आधी स्वतः वाचायचा, जाणाऱ्याने मग आपला सांगायचा. दोन्ही जुळले तरच चार्ज. बाकीचे ऑफिसर तो कसाबसा उरकायचे. तू माझ्या बाबतीतही पाळलास.

त्या दुपारी चार नंबरची टाकी भरत आली होती. मी चार्ज घ्यायला आलो, वाकून वाचलं आणि म्हणालो, वर अजून एक मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर जागा आहे. तू पुन्हा वाचायला सांगितलंस. मी पुन्हा तेच म्हणालो, जरा आवाज चढवून. तेव्हा तू हळूच आपल्या बोलीत म्हणालास, "साहेब, मी चार्ज नाई देऊन राह्यलो," आणि वॉकीटॉकीवर धक्क्याला सांगून भरणं थांबवलंस. आकडा एक अडतीस होता. तू मुकाट निघून गेला असतास, तर अर्धा मीटर जास्त जागा आहे असं समजून मी भरत राहिलो असतो, आणि तेजाब उतू जाऊन डेकवरच्या खलाशांच्या पायांवर आलं असतं.

कॅप्टन येईपर्यंत मी मापाच्या काचेला नाक लावून खरा आकडा वाचला होता. त्यांना सांगितलं, मी अडतीसच म्हणालो, पोरगं उगाच घाबरलं. तासभर काम अडलं म्हणून बंदराची तक्रार आली, ती तुझ्या नावावर गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! जहाजावरून उतरताना मी अहवालात लिहिलं, की तुला एकट्याला पहाऱ्यावर ठेवू नये. तो वाचून तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मला त्याची फार लाज वाटते रे.

दोन वर्षांपासून मला मोतीबिंदू होता. तपासणीला जाताना तक्त्यावरची अक्षरं पाठ करून जायचो. तीन आणि आठ मला सारखेच दिसायचे. तुला ते कळलं होतं, असं आता वाटतं. तरी तू कोणापाशी बोलला नाहीस.

एका डोळ्याचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात हैदराबादला झालं. सोमवारी मी कंपनीला सगळं खरं लिहून रजिस्टरने पाठवलं, आणि तुला आज लिहितोय, म्हणजे मला माघार घ्यायला जागा उरू नये. त्या पत्राची नक्कल सोबत आहे, कॅप्टनना दाखव. गुरुजींना मी स्वतः वांकिडीला जाऊन सांगणार आहे. कंपनी मला आता जहाजावर घेणार नाही, आणि घेऊही नये. तू मात्र उतरू नकोस. त्या दुपारी तू मला दिला नाहीस तो चार्ज अजून तुझ्याकडेच आहे, नागनाथ.

तुझाच,
सुधाकर