खोडावरच्या पुडीला भुरी म्हटल्याबद्दल

दि. ११ फेब्रुवारी १९७५

प्रति,
मा. विस्तार अधिकारी (कृषी),
तालुका कार्यालय, भोकरदन, जि. औरंगाबाद

विषय : आंब्याच्या खोडावरील पुडीचे वर्गीकरण बदलणेबाबत व मला एक लेखी आदेश मिळणेबाबत.
संदर्भ : माझाच अहवाल, दि. ३ सप्टेंबर १९७४.

महोदय,

सविनय कळवितो की, खडकवाडीच्या द्वारकाबाईंच्या बांधावरील आंब्याच्या खोडावर हिरवट-पांढरी पूड दिसल्याने मी 'भुरी रोग' नोंदवून झाड तोडण्याची शिफारस केली. झाड तुटले. भुरी पानांवर, मोहोरावर येते. मी साल पाहिली, मान वर केली नाही. चहा झाला होता आणि मला निघायचे होते.

मागाहून मनाला लागले म्हणून ती साल औरंगाबादच्या एका प्राध्यापकांना दाखविली. ते कळवितात की, ही पूड मसाल्यातील दगडफुलाच्या गणगोतातली. बुरशी व शेवाळ मिळून तिचा संसार चालतो. झाडाचे ती काही खात नाही, नुसती सालीवर बसते. तिची नेमकी जात मात्र चार महिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही त्यांना ठरविता आलेली नाही. मी ती एका चहात ठरविली.

दुरुस्ती करावी तर अहवालात 'कीड' व 'रोग' एवढेच रकाने. निरुपद्रवी जीवास रकाना नाही. तो वाढवावा, तोवर समासात लिहिण्यास परवानगी असावी.

आता मुख्य. द्वारकाबाईंना यातले काहीच माहीत नाही. झाड तुटले त्या दिवशी त्यांनी तोडणाऱ्या भिवाला भाकरी वाढली आणि त्याच झाडाच्या कैऱ्यांचे लोणचे माझ्या घरी पोचविले. ते माझ्याने खाववले नाही.

काल द्वारकाबाई त्यांच्या विहिरीवरच्या दुसऱ्या आंब्याची साल पदरात बांधून आल्या. म्हणाल्या, "साहेब, ह्याला बी तेच आलंय. लोकांच्या झाडाला लागायच्या आत तोडून टाकते. भिवाला शुक्रवारी बोलावलंय. तुम्ही सांगितलं म्हणून कळलं, न्हाई तर मला काय कळतंय?"

ते झाड मोहोरले आहे. आणि मी "बराबर" म्हणालो, साहेब. एवढेच म्हणालो.

तोडा असे मला सहज लिहिता आले. चुकलो म्हणायला तोंड उघडत नाही. तरी 'द्वारकाबाईंना समक्ष भेटून चूक कबूल करावी' असा लेखी आदेश मला शुक्रवारच्या आत द्यावा. हुकूम असला की मला जमते.

टपालाला वेळ लागतो हे जाणतो. आदेश न आल्यास शुक्रवारी भिवाच्या आधी मी त्या झाडाखाली जाऊन बसेन व आदेश मिळाला असे समजून बोलेन. त्या दिवशी माझी गैरहजेरी मांडावी.

आपला चुकलेला व नम्र,
देवानंद संपत खरात
ग्रामसेवक, खडकवाडी, पो. केदारखेडा

सोबत : १) प्राध्यापकांचे पत्र. २) पाकिटात साल, दोन्ही झाडांची. पूड एकच आहे.