दुपारी गप्प होणारं यंत्र

कल्याण,
वैशाख शुद्ध नवमी, शके १८११

प्रिय नरहर,

वर्ष उलटलं, तुला एक ओळ लिहिली नाही. तुझं पत्र येईल अशी वाट पाहण्याचा हक्कही मला नव्हता. चिपळूणहून आलेल्या एका गृहस्थांकडून कळलं की तू तिथल्या शाळेत मुलांना गणित शिकवतोस आणि हिवताप आता पूर्ण गेला आहे. ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे सगळं ठीक आहे. माघात उत्तरा बाळंत झाली, आम्हाला मुलगी झाली. तिचं नाव सगुणा ठेवलं आहे. दिवसभर झोपते आणि मी घरी आलो की जागी होते. पण आज पत्र लिहायला बसलो ते तारघरातली एक हकीकत सांगायला. ती समजून घेणारा तुझ्याइतका दुसरा कोणी मला ठाऊक नाही.

तू गेल्यावर तुझ्या खुर्चीवर मी बसलो हे तुला माहीत आहेच. पहिले काही महिने यंत्र चांगलं चाललं. मग या चैत्रात त्याने खोड काढली. सकाळी ठाण्याची टकटक खणखणीत ऐकू यायची, दुपारी दोनच्या पुढे ती बारीक होत जायची. एके दिवशी तर पुरती थांबली. ठाण्याचा सिग्नलर गोविंदा दुसऱ्या दिवशी गाडीने आला आणि माझ्यावर डाफरला, की मी तुला आठ वेळा बोलावलं, तू होतास कुठे? मी खुर्चीतच होतो. डोळे उघडे, कान यंत्राकडे. त्याला ते पटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर जो संशय होता तो मी ओळखला, कारण तसाच संशय मी पूर्वी दुसऱ्या कोणावर रोखलेला पाहिला होता.

मग तू शिकवलेल्या रीतीने मी कामाला लागलो. तू म्हणायचास, बॅटरीला शिव्या देण्याआधी तिच्या सांध्यांकडे बघ. मी सगळे सांधे सोडवले, हिरवा गंज खरवडला, स्क्रू घट्ट केले. जमिनीत पुरलेल्या तारेभोवती पाणी ओतलं. फरक नाही. तारेतून येणारा प्रवाह नाजूक असतो, यंत्र मोठ्याने वाजवायला आपल्याच खोलीतली बॅटरी लागते, हेही तूच समजावलं होतंस. म्हणून ठाण्याकडचं सोडून मी फळीवरच्या बॅटरीच्या त्या दहा बरण्यांच्या मागे लागलो. जस्ताच्या चकत्या घासल्या, तळाशी नवा मोरचूद टाकला. बॅटरीची शक्ती दाखवणारा काटा दोन दिवस चांगला उभा राहिला. तिसऱ्या दुपारी पुन्हा पडला. शेवटी एका दुपारी मी बॅटरीपासून यंत्राची तारच सोडवली. काही जोडलेलं नसताना तरी ती टिकायला हवी होती. तासाभराने पाहिलं तर काटा तसाच अर्ध्यावर. म्हणजे शक्ती कुठेतरी त्या फळीवरच खर्च होत होती. इतकं कळलं आणि तिथेच माझी अक्कल संपली.

आता बायजाबद्दल. तुला ती आठवेल, बॅटरीसाठी पाणी आणणारी आणि रिकाम्या बरण्या धुणारी, खाडीपलीकडच्या आगरी वस्तीतली. पन्नाशीची, काटक, कोणाशी फारसं न बोलणारी. मला सुचेना तेव्हा मी तिच्यावर घसरलो. उन्हाळ्यात खाडीजवळच्या विहिरी मचूळ होतात, म्हटलं ही लांबच्या विहिरीवर जायचा कंटाळा करत असणार. चार माणसांदेखत तिला म्हणालो की तू खारं पाणी आणतेस आणि त्यापायी माझी नोकरी जाईल, उद्यापासून येऊ नकोस. तिने हंडा खाली ठेवला. ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं, मग हंडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “मी मिठागरान जन्मलेली बाय. पानी खारा का गोरा, मना नको शिकवूस.” मी ते पाणी प्यायलो. गोड होतं.

ती निघून गेली असती तर मला बोलायला जागा नव्हती. पण ती गेली नाही. बॅटरीच्या खोलीत जाऊन फळीसमोर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिने बरणीच्या काठावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. तेच बोट तिने बरणीच्या अंगावरून खाली फळीपर्यंत आणलं. फळीला हात लावला आणि मला म्हणाली, इथे हात लाव. फळी ओलसर होती. मला वाटलं, बरणीला तडा गेलाय. ती म्हणाली, “बरनी फुटली नाय. खार काठावर येतं, भायेरशी खाली उतरतं. आमचे आगरान लाकराला पन असाच लागतं. सकाली सुका असतं. दुपारचा खारीचा वारा आला का त्याला पानी सुटतं.”

नरहर, ती खिडकी आठव, खाडीकडे उघडणारी, फळीच्या अगदी वर. उन्हाळ्यात आपण ती हवेसाठी उघडी ठेवतो. वारा दुपारीच येतो. बरण्यांतला क्षार काठावर चढून बाहेरून उतरलेला, फळीवर त्याचा थर, आणि त्याला ओल सुटली की एका बरणीपासून दुसरीपर्यंत शक्तीला चोरवाट तयार. सकाळी फळी कोरडी, वाट बंद, काटा उभा. दुपारी वाट उघडी. पंधरा दिवस मी बरण्यांच्या आत शोधत होतो, आणि दोष बाहेरच्या अंगाला होता. मी दोन परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस. ती अक्षरओळखही नसलेली. पण समोर असलेली वस्तू बघावी कशी, हे तिला येत होतं आणि मला येत नव्हतं.

उपायही तिनेच सांगितला. खारातल्या कैऱ्यांच्या बरणीच्या काठाला त्यांच्याकडे मेण फासतात, म्हणजे खार वर चढत नाही. आम्ही दहाही बरण्या उतरवल्या, बाहेरून धुतल्या, फळी दोन दिवस उन्हात वाळवली, काठांना मेण लावलं, प्रत्येक बरणीखाली कोरडी फरशी सरकवली. ती काम करत होती आणि मी तिच्या हाताखाली. त्यानंतर रोज चार वेळा मी काटा पाहून मांडून ठेवला. वीस दिवस झाले, सकाळच्या आणि दुपारच्या काट्यात फरक नाही. त्या चार माणसांदेखत मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, आधी हंडा उचलायला हात लाव.

मग बायजाने मला एक प्रश्न विचारला. जाता जाता, डोक्यावर चुंबळ ठेवता ठेवता. “मंग त्या आधीचे मास्तरला कनाला घालवला?” तुला कशाला काढलं, असं ती विचारत होती. मी कागद चाळल्यासारखं केलं. घरी येऊन उत्तरेला सगळं सांगितलं, अगदी सगळं, जे वर्षभर तिलाही सांगितलं नव्हतं. तिने मुलीला पाळण्यात ठेवलं आणि इतकंच म्हणाली की हे मला सांगून काय होणार, ज्यांना सांगायचं त्यांना सांगा.

तारघरांचे आपले साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, दोष कोणी शोधून काढला? मी बायजाला पुढे बोलावलं. तिने त्यांनाही फळीवर बोट फिरवायला लावलं. साहेबांनी बोट पाहिलं, रुमालाला पुसलं आणि अहवालात तिचं नाव लिहून घेतलं. आता ठाण्याच्या बरण्यांनाही मेण लागणार आहे. मग मी त्यांना म्हणालो की आणखी एक गोष्ट आहे, गेल्या वर्षीची. गेल्या चैत्रात मुंब्र्याच्या डोंगराखाली इंजिन बंद पडलं, ठाण्याने कल्याणला दुसरं इंजिन मागितलं आणि इथून उत्तर गेलं नाही, लोक तीन तास उन्हात बसले, ती दुपारचीच वेळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासलं तेव्हा यंत्र ठणठणीत होतं, म्हणून ठपका माणसावर, तुझ्यावर, आला. पुढच्याच आठवड्यात बरण्यांची वार्षिक सफाई झाली, काठ पुसले गेले, आणि दोष नाहीसा झाला. त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. साहेबांनी जुनी नोंद मागवली आहे. तुझ्या नावापुढचा शेरा काढायचं त्यांनी कबूल केलं. ठाण्याला एक जागा रिकामी आहे, तसं पत्र तुला त्यांच्याकडून येईल. यायचं की नाही ते तू ठरव.

पण ते पत्र येण्याआधी हे माझं तुझ्या हातात पडावं, म्हणून घाई केली. तुझ्या अंगात त्या दिवशी ताप होता. साहेबांनी दरडावल्यावर तू स्वतःच म्हणालास की कदाचित माझा डोळा लागला असेल, मला नीट आठवत नाही. तुझ्यासारखा माणूस आजही तसंच मानत असेल, हे मला ठाऊक आहे. मला साहेबांनी एकच विचारलं होतं, यंत्र वाजलेलं ऐकलंस का? मी नाही म्हणालो. ते खरं होतं. त्यापुढे त्यांनी विचारलं नाही आणि मी बोललो नाही, कारण तुझ्यानंतर त्या खुर्चीसाठी माझं नाव होतं. मी शेजारच्या खोलीत होतो, मधलं दार उघडं होतं. तू घोंगडी पांघरून बसला होतास, कुडकुडत, नजर यंत्रावर. एकदा उठून तू त्याच्यावर बोटाने टिचकी मारून पाहिलीस आणि पुन्हा बसलास. हे सगळं मी साहेबांना लिहून दिलं आहे, सहीनिशी. माझं काय करायचं ते ते बघतील. तू मला क्षमा कर असं मी लिहीत नाही. तुला फक्त हे कळायला हवं, की त्या दुपारी तुझा डोळा लागला नव्हता. तू जागा होतास, नरहर. मी पाहत होतो.

तुझाच म्हणवून घ्यायला आज कचरणारा,
श्रीपाद