पडद्यावरची कुस्ती

६ ऑक्टोबर २००३, सोमवार

शेवटी आणला! काल दसऱ्याच्या प्रदर्शनात नंदूने इतका हट्ट धरला की हेच म्हणाले, "घेऊन टाक बाई तिला." व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचा डबा, वायरचे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलंय ९९९ खेळ, आत तेच पाच-सहा पुन्हा पुन्हा. मी दुकानदाराला तसं म्हटलं तर तो म्हणतो, "मॅडम, गिनता कौन है?" गणिताच्या बाईला विचारतो!

प्रदर्शनात हे माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. डावा हात. उजवा खिशात. लकवा झाल्यापासून तो खिशातच असतो. पाय सुधारला, हात नाही. ज्यांची शिट्टी वाजली की अख्खं ग्राउंड गप्प व्हायचं, ते भुजंग सर पाळण्यापाशी गर्दीतून सांभाळून वाट काढत होते. शाळेतली दोन पोरं भेटली, पाया पडली. हे म्हणाले, "येतो लवकरच." 

९ ऑक्टोबर

सिव्हिलच्या व्यायामाच्या डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू कोपऱ्यात पडलाय. ताटातले तुरीचे दाणे एकेक उचलून वाटीत टाकायचे, असंही सांगितलंय. आज ताट समोर ठेवलं तर, "मी काय लेकरू हाय का?" ताट ढकललं. दाणे पलंगाखाली. मी आणि नंदू वेचत बसलो. आम्हा दोघींच्या अंगठ्यांचा व्यायाम मात्र छान चाललाय!

१४ ऑक्टोबर

नंदू मारामारीचा गेम खेळत होती. पडद्यावर दोन उघडे गडी, नावं चिनी अक्षरांत. तिने आपली नावं ठेवलीत, लालपट्ट्या आणि टकल्या. वर दोघांच्या जिवाची एकेक पट्टी. मार बसला की पट्टी कमी होते, संपली की गडी आडवा.

हे पलंगावरून बघत होते. "ही काय कुस्ती? सलामी न्हाई, शड्डू न्हाई, आल्याबराबर लाथ!" जत्रेतले पैलवान ना एकेकाळचे. थोड्या वेळाने म्हणतात, "आन इकडं ते."

नंदूने यांना टकल्या दिला आणि दोन मिनिटांत लोळवला. "परत." परत लोळवला. "परत!" तेवढ्यात लोडशेडिंग. अंधार झाला तरी रिमोट हातातच. बटणं उजव्या बाजूला असतात — उजवा अंगठा बटणावर होता! मेणबत्तीच्या उजेडात मी बघितलं आणि गप्प बसले. बोलले असते तर ठेवून दिला असता.

१९ ऑक्टोबर

नंदू ट्यूशनला गेलेली. हे म्हणाले, "तू बस." मी? बसले.

नंदूने मला एक डाव शिकवून ठेवलाय. खाली, तिरपं, पुढे आणि लगेच बटण, सगळं एका दमात. मग लालपट्ट्याच्या हातातून आगीचा गोळा सुटतो. आधी दहादा नुसताच गडी उड्या मारत राहिला. आणि मग सुटला! मी किंचाळलेच. शेजारच्या सिंधूबाई भिंतीवरून डोकावल्या, "काय झालं हो बाई?" म्हटलं, दूध उतू गेलं.

हे वैतागले. "गोळे काय फेकून राहिली लांबून? जवळ ये ना!"

"अहो, नियमात आहे."

"नियमात हाय, पर ह्याला मर्दानी म्हणत न्हाईत."

"मी कुठे मर्द आहे?"

हसले. मीही हसले. या घरात असं हसणं मी विसरलेच होते.

पण लिहायला बसल्यावर एक टोचतंय. मी सगळे राऊंड जिंकले आणि मला फार बरं वाटलं. नुसतं जिंकल्याचं नाही, यांना पाडल्याचं. ज्याला रोज आंघोळ घालते, त्याला पाडताना एवढं बरं का वाटावं? मी दमले होते म्हणून? राग होता कुठेतरी? उत्तर सापडू नये असंही वाटतंय.

२१ ऑक्टोबर

आज रिमोट भिंतीवर आपटला. "अंगठा सांगतो ते ऐकतच न्हाई. हात गेला माझा, शिला. मान्य करून टाक." दिवाळीचे अनारसे जमले नाहीत. कशातच लक्ष नव्हतं.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आज यांनी आपणहून गेम लावायला सांगितलं. पहिला राऊंड मी घेतला. दुसऱ्यात यांचा टकल्या अगदी जवळ आलेला, यांचा अंगठा बटणावर थरथरत होता, ओठ दाताखाली धरलेला. त्याच्या आधी मला गोळा टाकायला पुरेसा वेळ होता.

नाही टाकला.

लालपट्ट्या आडवा झाला. हे उठून उभे राहिले. पलंगाला न धरता! "बघितलं? हात येऊन राहिला!" रात्री एक भाकरी जास्त खाल्ली. गावाकडच्या आई-दादांचं नाव काढलं, जुन्या कुस्त्या सांगितल्या.

आजवर एकाही मुलीला अर्धा मार्क वाढवून दिला नाही. मुली रडल्या, पालक भांडले, आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, ३४ वर काय अडवता?" तरी नाही. आज अख्खा राऊंड देऊन टाकला. एकदाच. उमेद यावी म्हणून.

१२ नोव्हेंबर

एकदाच नव्हे. रोज.

हरणं अवघड असतं. फार लवकर हरलं तर कळतं. पट्टी शेवटी बोटभर उरली पाहिजे, दोघांचीही. मी आता यात तरबेज झाले आहे. कुणाला सांगायची सोय नाही.

२३ नोव्हेंबर

नंदू मागे उभी होती, मला दिसलीच नाही. राऊंड संपल्यावर म्हणाली, "आई, गोळा का नाही टाकलास? वेळ होता की."

"राहिला."

"तुझा रोजच राहतो."

कॉपी करणाऱ्या मुलीकडे मी वर्गात जशी बघते, तशी ती माझ्याकडे बघत होती. नववीतली पोर!

ती स्वतः यांना जरा सूट देत नाही. म्हणून हे आता तिच्याशी खेळतच नाहीत. "तिचा हात पोरासोराचा, चपळ. तिच्याशी काय बराबरी? आपली जोड शिलाबरोबर." चेंडूला हात लावला नाही कित्येक दिवसांत. दाण्यांचं नाव काढलं की, "त्याची काय गरज? हे हाय ना."

इथे थांबायला हवं. कसं थांबायचं? एकदम जिंकू लागले तर? हळूहळू जिंकावं का, महिन्याभरात — असं मी खरंच मनात मांडत बसले. थांबण्याचंसुद्धा वेळापत्रक!

७ डिसेंबर

गावाहून थोरले भाऊजी आले, ग्यानबा. मेंढरं पोराच्या स्वाधीन करून खास भावाला बघायला. घोंगडी खाली टाकत बसले. "भुजंगा, हात कसा हाय?"

"बराबर हाय. दावतो थांबा."

आणि गेम लावला. मी नको म्हणत होते. भाऊजींना पडद्यावर कोण कोणाला मारतंय तेही कळत नव्हतं. "तुहा कोन्ता?" — "टकल्या." — "टकल्या व्हय! मग हान!" शेवटी लालपट्ट्या पडला तसे भाऊजींनी टाळ्या पिटल्या. "पाडली की रं! बाईला पाडली!" म्हातारं माणूस डोळे पुसत होतं. "मायला सांगतो आता. पोरगं उभं राह्यलं तुहं."

मी चहा टाकायला आत आले. गॅस न पेटवताच पातेलं ठेवून उभी होते.

१२ जानेवारी २००४

हे त्यांच्या शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापक किसनराव म्हणाले म्हणे, पूर्ण वर्ष विश्रांती घ्या. यांनी ऐकलं नाही. सव्वीस जानेवारीपासून हजर होणार. आणि झेंडा हेच बांधणार, दर वर्षीसारखा. "देविदास शिपाई बांधील म्हणतात! त्याला सुरगाठ तरी येते का?"

ही गाठ यांच्या हातची बघण्यासारखी असते. घडीत फुलांच्या पाकळ्या, वर दोरीचा फास अंगठ्याने दाबून धरायचा आणि सोडायचा असा, की खालून एक झटका बसला की झेंडा मोकळा.

अंगठ्याने दाबून धरायचा.

२० जानेवारी

सांगायचं ठरवलं. जेवताना सांगायचं ठरवलं. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, मी मीठ आणून दिलं.

२५ जानेवारी

पांढरा शर्ट-पँट इस्त्री करून खुंटीला लावली. शिट्टी ब्रासोने घासून ठेवलीये. संध्याकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते. मी तुळशीपाशी दिवा लावत होते. अचानक हळू आवाजात म्हणाले, "जमंल ना गं?"

कपडे वाळत घालायची दोरी समोर होती. एकदा बांधून बघा, एवढंच म्हणायचं होतं.

"जमेल की," मी म्हणाले.

२६ जानेवारी

आमच्या शाळेचं झेंडावंदन लवकर झालं. तिथून रिक्षाने यांच्या शाळेत पोचले. हे खांबाजवळ होते. देविदासने मदतीला हात पुढे केला, यांनी तो बाजूला सारला. गाठ मारायला फार वेळ लागला. मुलांच्या रांगांमधून मला फक्त यांची पाठ दिसत होती. झेंडा वर गेला. हे सावधान म्हणाले. आवाज तोच, पहिल्यासारखा!  वाटलं, जमलं.

पाहुण्यांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खांब हलला. बँडच्या पोरांनी टिपऱ्या वर धरलेल्या, त्या तशाच वर. एक झेंडूची पाकळी खाली आली, झेंडा नाही. पाहुण्यांनी हसून यांच्याकडे बघितलं, मग किसनरावांकडे. देविदासने झेंडा खाली घेतला. निरगाठ बसली होती. नखांनी सुटेना. दातांनी सोडवली. परत बांधला, त्यानेच. या वेळी फडकला.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. एरवी त्या रांगेला ग्राउंडला चार चकरा बसल्या असत्या. यांनी तिकडे बघितलंही नाही. उजवा हात खिशात घातला आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

घरी येताना रिक्षात मी म्हणाले, दोरी नवीन होती, कडक होती. हे बाहेर बघत होते.

२७ जानेवारी

नंदूने सांगून टाकलं. हे दिवसभर जेवले नाहीत, ते तिला बघवेना. रडत म्हणाली, "आप्पा, तुमची चूक नाही. आई मुद्दाम हरत होती."

यांनी माझ्याकडे बघितलं. "कवापासून?"

"दिवाळीपासून."

"काहून?"

मी किती कारणं जमवून ठेवली होती!  हे खाली बसले आणि रिमोटची वायर डाव्या हाताने डब्याभोवती गुंडाळू लागले. सावकाश, नीट. मग म्हणाले, "पोरं हसली, त्याचं काय न्हाई. मी तुला इचारलं होतं."

२८ जानेवारी

खरंच यांच्यासाठी हरत होते का? की त्या हसण्यासाठी, जास्तीच्या भाकरीसाठी, घर बरं वाटावं म्हणून — म्हणजे माझ्यासाठी? चेंडू कोपऱ्यात पडून राहिला ते मला दिसत होतं. तीन महिन्यांत तो हात किती सुधारला असता? हे गणित मी मांडणार नाही. मांडता येणार नाही म्हणून नाही.

९ फेब्रुवारी

यांच्या खोलीतून वाटीत तुरीचे दाणे पडल्याचा आवाज येतो. मी आत गेले की थांबतो.

२९ फेब्रुवारी

मी शाळेत असते तेव्हा हे नंदूशी गेम खेळतात. तिनेच सांगितलं. "रोज हरतात. मी सोडत नाही." मग म्हणाली, "परवा एकदा जिंकले. खरे." आणि लगेच माझ्याकडे बघून, "मी तुझ्यासारखी नाही हं."

नाहीस बाळा. बरं आहे.

१४ मार्च, रविवार

नंदू मैत्रिणीकडे गेलेली. यांनी आपणच डबा काढला, वायर जोडल्या, एक रिमोट माझ्यापुढे ठेवला. "ये. खरी."

जीव ओतून खेळले. एक गोळा राखला नाही, लाथ मारायची एक संधी सोडली नाही. आणि हरले. खरी हरले! ओरडणार होते आनंदाने, सिंधूबाई येवोत नाहीतर अख्खी गल्ली येवो. तोच यांनी रिमोट खाली ठेवला.

"अजून तेच का?"

मी नंदूची शपथ घेतली.

"'जमेल की' बी तूच म्हणली होती," म्हणाले, आणि वायर गुंडाळू लागले. उजव्या हाताने.