मामंजी आणि निवटा

३ मार्च १९३१
रस्त्यावर मासा चालत होता! खरंच चालत. दासगावची बयाबाई मासळीची पाटी घेऊन दारावरून निघाली होती. एकानं पाटीतून उडी मारली आणि पुढच्या परांवर अंग रेटत गटाराकडे निघाला.
"निवटा हाय तो, वयनी," बयाबाई हसली. "खाडीच्या चिखलात असाच हिंडतो."
मामंजींना जाऊन सांगितलं. सासूबाई गेल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवण नावाला. आज मान वळवली — "मासा चालत नसतो."

४ मार्च
आमच्या घरात मासा! बयाबाईकडून जिवंत मागवला. परसात फुटक्या घंगाळात चिखल, थोडं खाडीचं पाणी. पाण्यात राहीना, चिखलावरच बसला. डोळे डोक्यावर, बेडकासारखे.
मामंजी खिडकीतून — "काय करतोय?"
"डोळे मिटतोय."
"मासे डोळे मिटत नाहीत."
"हा मिटतो!"

६ मार्च
काठी टेकत स्वतः परसात आले! हे कचेरीतून आले ते बघतच राहिले. "अप्पा, सोवळ्याचं काय?"
"हळू बोल. बुजतो तो."

७ मार्च
मामंजींनी भात मागून घेतला.

९ मार्च
निवटा मलूल पडलाय. "त्याला घरी पोचवू," मामंजी म्हणाले. यांनी साफ नाही म्हटलं. डॉक्टरांनी बजावलंय — छाती कमजोर, हिंडणंफिरणं बंद.
"मग छकडा हळू हाकायला सांग."

१० मार्च
दासगावला जाऊन आलो, मी आणि मामंजी. ओहोटी होती. चिखलभर निवटे! कुणी उड्या मारतंय, दोघं पाठीवरचे पर उभारून भांडतायत. आपला सोडला, तो क्षणात त्यांच्यात मिसळला. "आपला कोणता गं?" म्हणून मामंजी मोठ्यानं हसले. किती महिन्यांनी! भरती चढू लागली तशी कितीतरी भराभर बिळांत शिरले. मामंजी छकड्यात बसायलाच तयार होईनात.

१४ मार्च
काल दुपारी मामंजी गेले.
हे माझ्याशी बोलत नाहीत. छकड्याच्या हिसक्यांनी झालं, म्हणतात. तसंच असेल का? मला कळत नाही.
रात्री यांनी एवढंच विचारलं — "शेवटी काय म्हणाले?"
मी सांगितलं. "बीळ पाण्याखाली गेलं की आत ते श्वास कसा घेतात गं?" — एवढंच म्हणाले.
यांना वाटलं, भ्रम झाला होता.
सुतकाचे दिवस झाले की ओहोटी बघून दासगावला जाणार. एकटी.