किसनरावांचा समुद्र

सोमवार, १ डिसेंबर २०२५
नंदिनीचं लाटांपासून वीज करणारं यंत्र शेवटच्या तिघांत आलं. दुजोरा: निवड समितीच्या बाई, फोनवरून. लेकीच्या हातून फोन घेऊन मी पुन्हा विचारून खात्री केली. वर्तमानपत्राच्या डेस्कवर वर्षं काढली की पोटच्या पोरीच्या बातमीलाही दुसरा स्रोत लागतो!

कोकणात एका बंदराच्या धक्क्याच्या भिंतीवर वर्षभरासाठी जागा मिळणार आहे. एकालाच. रविवारपर्यंत चालत्या यंत्राचा व्हिडिओ पाठवायचा. नाहीच जमलं तर जानेवारीत पुण्याची नोकरी आणि यंत्र माळ्यावर. हे तिचं तिनेच ठरवलंय.

मंगळवार, २ डिसेंबर
आमच्या आर्वीत समुद्र नाही. शेजारी किसनरावांचं शेततळं आहे, आणि त्याला एका बाजूने सिमेंटची भिंत!

यंत्र असं — एक पेटी, एक लोखंडी हात, हाताच्या टोकाला निळा ड्रम. लाटेने ड्रम वर-खाली झाला की पेटीत वीज. अशा पेट्या हव्या तेवढ्या शेजारी-शेजारी जोडायच्या. एक बिघडली तर तेवढीच काढायची. आपल्याकडे तीन आहेत. नंदिनीने त्या पाण्याच्या पातळीला भिंतीवर बोल्टने पक्क्या आवळल्या.

तळ्यातलं पाणी मोटरने उपसायचं नाही, अशी अट आम्ही घातली. किसनराव म्हणाले, "हरभरा चार दिवस दम धरन. तू कर वो पोरी."

बुधवार, ३ डिसेंबर
लाटा कशा आणायच्या? गोठ्याचं जुनं दार दोरांनी पाण्यात उभं टांगलं. किसनराव काठावरून ते ढकलतात, ओढतात. ड्रम हलले. बल्ब लागला! नंदिनी उड्या मारत होती. एवढ्यात बल्ब गेला. पाहते तर किसनराव खाली बसलेले.

"समुद्राले चहा पायजे आता."

गुरुवार, ४ डिसेंबर
समुद्राची कंबर धरली आहे. आज सुट्टी.

शुक्रवार, ५ डिसेंबर
घोटाळा!

सकाळी तळ्यावर गेलो तर तिन्ही ड्रम हवेत लोंबकळताहेत. पाणी हातभर खाली. किसनरावांनी कपाळावर हात मारला — "मोटर ऑटोवरच राह्यली वो ताई!" रात्री विजेची लाइन आली, मोटर आपोआप सुरू झाली, हरभरा पोटभर पाणी प्याला. इकडे मोटर हाताने लावतंय कोण? सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर. ते बटण आहे, हेही आम्ही विसरून गेलेलो.

नंदिनी लोंबत्या ड्रमकडे बघत बसली. मग म्हणाली, "आई, समुद्रात हे दिवसातून दोनदा होणार."

भरती-ओहोटी तिच्या आराखड्यात होती. तळ्यात कशाला हवी म्हणून यंत्रात घातलीच नव्हती!

शनिवार, ६ डिसेंबर
गजेंद्र वेल्डरकडे दिवस गेला. दुकानाच्या शटरच्या खाचेच्या पट्ट्या, दर पेटीला दोन, भिंतीवर उभ्या, त्यांत पेटी सरकणार, खाली तिला तरंगत ठेवायला आणखी एक ड्रम. पेटी जड, लाटेला हलणार नाही; पाणी उतरलं की मात्र उतरेल. गजेंद्र म्हणाला, "मॅडम, शटर आहे का लिफ्ट?"

पहिली पेटी अर्ध्यात अडकली. ग्रीस लावलं. तरी अडकली. नंदिनीने पुण्याच्या कंपनीचा मेल उघडून पाहिला, मला दिसला. मी चहा टाकला.

रविवार, ७ डिसेंबर
पट्ट्या वाकड्या बसल्या होत्या. सकाळी सरळ केल्या.

मग शूटिंग. लाटा: किसनराव. ओहोटी: तळ्याची मोटर. भरती: विहिरीची मोटर. आमच्या समुद्राला लाइन लागते, आणि लाइन आली दुपारी. तोवर सगळे तुरीच्या शेंगा खात बसलो.

पाणी उतरलं, पेट्या उतरल्या. पाणी चढलं, पेट्या चढल्या. बल्ब एकदाही गेला नाही! यशोदाबाई — किसनरावांच्या मंडळी — कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. "पाच हॉर्सपावरची मोटर जाळून येक बलब लावला! मोठी हुशार हाय पोरगी!" हे वाक्य व्हिडिओत आलंय. कापायला वेळ नव्हता. मुदतीच्या आत गेला, एवढं मी पाहिलं.

बुधवार, १० डिसेंबर
काही नाही.

शनिवार, १३ डिसेंबर
काही नाही. नंदिनी किसनरावांच्या हरभऱ्यातलं तण काढते आहे. न सांगता.

सोमवार, १५ डिसेंबर
जागा मिळाली. दुजोरा: नंदिनी. सवयीने दुसरा स्रोत विचारला, तर तिला रडूच फुटलं. चालेल. हा स्रोत पक्का.

शुक्रवारी अमावास्या, ओहोटी मोठी. तेव्हाच पट्ट्या बसवायच्या. परवा निघायचं. तिकिटं तीन — किसनरावांनी समुद्र कधी पाहिलेला नाही.

"माह्या ड्यूटीवर तिकडं कोन हाय, थो पाहून येतो," म्हणाले.